वुडीनं घर सोडलं ते बरोबर केलं का? (टॉय स्टोरी, चारही भाग)

रानजाई

रविवारी लेकीबरोबर टॉय स्टोरीचा (जिवंत खेळण्यांचा ॲनिमेशनपट) चौथा भाग पाहिला. २०१९ मध्ये थिएटरात गेलो होतो तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि मध्यंतराआधीच माझ्या मांडीवर झोपली होती, त्यामुळे तिच्यासाठी सिनेमा कोराच. पहिले तीन भाग मात्र तिचे पाठ आहेत.

शेवटी वुडी हा काउबॉय बाहुला त्याच्या छोट्या मालकिणीच्या, बॉनीच्या गाडीत न बसता बो पीप ह्या बाहुलीबरोबर जत्रेत राहतो, तिथे तिनं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. "म्हणजे तो पळून गेला?" मी म्हटलं, पळून नाही गं, राहिला. "मग बॉनीला कोण सांगणार?"

मला काही सुचलं नाही. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. दुसऱ्या भागात ह्याच वुडीला आयतं घराणं मिळालं होतं. जेसी, बुलझाय, स्टिंकी पीट, पन्नासच्या दशकातल्या एकाच टीव्ही कार्यक्रमातली सगळी खेळणी. टोकियोच्या संग्रहालयात काचेआड कायमची जागा, ना धूळ ना मोडतोड. ते सोडून तो त्याच्या तेव्हाच्या मालकाकडे, अँडीकडे परत आला, अँडी मोठा होणार हे माहीत असून. मग चौथ्या भागात मूल सोडून का गेला? हा तोच वुडी आहे का?

जाता जाता: त्या रात्री लेकीनं तिचं अस्वल अंथरुणातून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं. "त्याचं त्याला ठरवू दे" म्हणाली. अस्वल अजून तिथेच आहे.

(चारही भागांतलं सगळं फुटणार आहे. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी इथूनच मागे फिरा.)

बोरकूट

'आमचे येथे रहस्यभेद करून मिळेल' अशी पाटी लावा धाग्यावर.

अस्वलाचे अपडेट देत राहा.

तिसरी_घंटा

माझं मत स्पष्ट आहे: चौथा भाग काढायलाच नको होता. २०१० च्या तिसऱ्या भागात अँडी अंगणात बसून एकेक खेळणं बॉनीच्या हातात देतो, शेवटी वुडीवर तिचा हात जातो तेव्हा तो क्षणभर वुडीला मागे ओढतो, आणि मग देतो. तिथे गोष्ट संपली होती. संपलेल्या पंगतीला पुन्हा वाढायला घेतलं की जे होतं ते झालं.

आणि रानजाई, तुमच्या प्रश्नात एक नाव राहिलं. बझ, वुडीचा जिवलग दोस्त. दुसऱ्या भागाच्या शेवटी बझ त्याला विचारतो, अँडीची काळजी वाटते का. वुडीच्या उत्तराचा मतितार्थ असा की जोवर आहे तोवर मजा आहे, आणि संपलं की सोबतीला तू आहेसच, अनंतापर्यंत. अक्षरशः शब्द दिलाय त्यानं. आणि चौथ्यात बझलाच टाकून जातो! बॉनीचं सोडा, तिनं त्याला कपाटात टाकलं होतं. मित्राचं काय?

दोन्ही भागांना ऑस्कर मिळालं हे माहीत आहे, कोणी सांगू नका. ऑस्कर मिळालं म्हणून शेवट बरोबर ठरत नाही. १९९५ चा पहिला भाग आला तेव्हा ॲनिमेशनपटांना वेगळं ऑस्करच नव्हतं, म्हणून तो काय कमी ठरला?

नलकूप

बझचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण गाडीत चढायच्या ऐवजी थांब हे वुडीला सुचवतं कोण? बझच. 'ती ठीक राहील' म्हणतो, वुडीला वाटतं बो पीपबद्दल बोलतोय, मग तो स्पष्ट करतो की बॉनी ठीक राहील. ज्याला शब्द दिला त्यानंच सोडवलं. आता ह्यात शब्द मोडला कुठे?

तिसरी_घंटा

सोडवलं म्हणजे सोडून जायलाच पाहिजे असं नाही हो. घरचे 'जा' म्हणतात तेव्हा 'नाही जात' म्हणायची पण एक रीत असते.

बोरकूट

"बसा ना, चहा टाकते" म्हटल्यावर वुडी खरंच बसला, एवढाच घोळ झालाय.

हिमगौरी

इथे सगळे वुडीबद्दल बोलताय, बो पीपबद्दल कोणीच नाही. ती बिचारी पहिल्या दोन भागांत अँडीच्या बहिणीच्या, मॉलीच्या खोलीतल्या दिव्याची शोभा. वुडीकडे बघून गोड हसायचं, एवढंच काम. तिसऱ्यात तर नाहीच, वुडी नुसतं तिचं नाव घेऊन गप्प होतो. आणि चौथ्यात येते ती हात मोडून चिकटपट्टीनं जोडलेली, स्कंकच्या आकाराची गाडी हाकणारी. चिनीमातीची बाहुली, पण हात निखळला तर हसत परत लावते. मला विचाराल तर हा सिनेमा तिचा आहे, वुडी तिच्या गोष्टीत पाहुणा.

दुसरं, काचेआडच्या खेळण्यांबद्दल. आम्ही २००८ मध्ये नाशिकहून टोरांटोला आलो तेव्हा लेक पाच वर्षांची होती. बॅगेचं वजन तेवीस किलो, त्यात मसाले, औषधं, स्वेटर. तिला सांगितलं, एकच खेळणं घे. तिनं घेतला एक टिनाचा बेडूक, कट्कट् वाजणारा. मोठी बाहुली, आडवी केली की डोळे मिटणारी, माझ्या मावशीकडे ठेवली. "जपून ठेव गं" असं मीच सांगितलं होतं.

बारा वर्षांनी गेलो. मावशीनं कौतुकानं काचेचं कपाट उघडलं. बाहुली तिथे, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, आत डांबरगोळी. केस अगदी तसेच. एका डोळ्याची पापणी तेवढी अर्धवट अडकलेली. मावशीच्या नाती त्याच घरात वाढल्या, पण त्यांना कधी हात लावू दिला नव्हता, 'ती परदेशातल्या ताईची आहे' म्हणून. माझी लेक सतरा वर्षांची, तिनं हातात घेतली, म्हणाली "छान आहे" आणि परत ठेवली. मला मावशीपुढे रडताही येईना. तिनं किती निगुतीनं सांभाळली होती! स्टिंकी पीट खोक्यातून कधीच बाहेर न आल्यानं तसा कडवट झाला, हे मला त्या दिवशी कळलं.

बेडूक इथे दुसऱ्याच हिवाळ्यात बर्फात हरवला.

चकली_भाजणी

हिमगौरी, डांबरगोळीचा वास आला गं इथपर्यंत.

सेमीकोलन

दुसऱ्या भागाचा विषय निघालाच आहे तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा सिनेमा आधी थिएटरसाठी नव्हताच, थेट व्हिडिओ कॅसेटवर विकायचा बेत होता. मग बढती मिळाली. १९९८ मध्ये कोणीतरी सर्व्हरवर 'सगळं पुसून टाक' छापाची आज्ञा चुकीच्या जागी चालवली. काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वुडीची टोपी गेली, मग बूट, मग वुडीच गेला. घाईघाईनं यंत्राची वायर उपटली. बॅकअप घ्यायला गेले तर बॅकअपच महिनाभर धड होत नव्हता! जवळजवळ नव्वद टक्के काम गेलं.

वाचवलं कोणी? गॅलिन सुसमन नावाच्या तांत्रिक दिग्दर्शिकेनं. तिला नुकतंच बाळ झालं होतं म्हणून ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या संगणकावर सिनेमाची प्रत होती. ब्लँकेटात गुंडाळून, गाडीत मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून ते यंत्र पिक्सार स्टुडिओत आणलं.

पुढची गंमत अशी की एवढं वाचवलेलं बरंचसं नंतर स्टुडिओनंच फेकलं. गोष्ट पसंत पडली नाही म्हणून साधारण नऊ महिन्यांत जवळपास सगळा सिनेमा नव्यानं केला आणि नोव्हेंबर १९९९ ला लावला.

आमच्या टीममधे नवीन पोरं आली की ही गोष्ट सांगून मगच मी बॅकअपची चाचणी करायला लावतो. प्रत घेतली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं, ती परत उघडून बघावी लागते.

नलकूप

आणि त्याच सुसमनबाई २०२३ च्या नोकरकपातीत गेल्या. स्टुडिओनं पंचाहत्तर जण कमी केले, त्यांत त्या होत्या. वुडीनं घर सोडलं का असं आपण विचारतोय. कधीकधी घरच आपल्याला सोडतं.

सेमीकोलन

हो. ती बातमी वाचली तेव्हा काम सुचेना.

बोरकूट

वातावरण जड झालंय. कोणीतरी फोर्कीवर बोला.

चकली_भाजणी

बोलते! फोर्की खोटा वाटतो असं ज्यांना वाटतं त्यांनी माझा भाचा बघावा. घरात रिमोटची गाडी, ठोकळे, काय काय. ह्याचं जीव की प्राण काय, तर कुकरची जुनी रिंग. ती धरून दिवसभर एसटी चालवायचा. 'ठाणे-बोरिवली, चला मागे सरका.' झोपताना रिंग उशाशी. एकदा वहिनीनं कचऱ्यात टाकली तर हा ओल्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती घेऊन आला, वांग्याच्या सालीसकट.

पण त्या सिनेमात उलटं आहे बघा. मुलगी त्याला खेळणं मानते आणि तो स्वतः 'मी कचरा, मला कचऱ्यात जाऊ द्या' म्हणून धावतो. बालवाडीच्या पहिल्या दिवशी एकट्या बसलेल्या बॉनीनं प्लास्टिकचा काटा-चमचा, डोळे आणि आइस्क्रीमच्या काडीचे पाय जोडून त्याला केलं, काड्यांवर स्वतःचं नाव लिहिलं. आणि ते सामान कचऱ्यातून काढून तिच्यापुढे टाकलं कोणी? वुडीनं. लपून तिच्या दप्तरात बसून गेला होता तो. तिनं त्या आठवड्यात तीनदा त्याला खेळायला घेतलं नव्हतं, बिल्ला काढून जेसीला लावला होता, तरी गेला. त्यामुळे 'वुडीनं बॉनीला सोडलं' म्हणणाऱ्यांनी आधी ते दप्तर आठवावं.

आबा_७२

मी सिनेमे फारसे बघत नाही, पण नातवामुळे हे चारही तीन-तीनदा बघितले. माझ्या मते धागालेखिकेला पडलेला प्रश्न लहान मुलाचा नाही, म्हातारा माणूस त्याला लवकर ओळखतो.

मी सदतीस वर्षं नोकरी केली. मुलगा मोठा झाला, त्याच्या मुलाला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे आलं. बरं वाटायचं. रोज सव्वाबाराला फाटकाशी उभा. गेल्या जूनपासून त्याला व्हॅन लागली. मला कोणी 'येऊ नका' म्हटलं नाही. पण पहिले पंधरा दिवस सव्वाबारा झाले की मी चप्पल घालायचो आणि मग आठवायचं. सूनबाईनं एकदा बघितलं, काही बोलली नाही, चहा ठेवला.

वुडी कपाटात बसून बाहेर बाकीची खेळणी कशी खेळतायत ते फटीतून बघतो ना, तिथे माझं लक्ष सिनेमावरून उडालं. काम नाही म्हणून तो रात्रीही फोर्कीच्या मागे धावतो, राखण करतो. ते प्रेम असेलही, पण निम्मं ते सव्वाबाराची चप्पल आहे. बो पीप त्याला त्यातून बाहेर काढते. म्हणून गेला ते बरोबर केलं.

मिरजेचा_तंबोरा

आबा, नमस्कार स्वीकारा. आपल्याकडे ह्यालाच वानप्रस्थ म्हणायचे.

बोरकूट

वानप्रस्थ कसला, तो तर जत्रेत गेला! आणि तेही बो पीपबरोबर. असा वानप्रस्थ आम्हालाही चालेल.

आबा_७२

बोरकूटराव, आमच्या सौभाग्यवतींना धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "जा की मग."

कोकणचा_मेवा

मी सावंतवाडीचा, म्हणून खेळण्यांच्या धाग्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो. :) चितारआळीत लाकडी फळं, बैलगाड्या, पाट बघत वाढलो.

दुसऱ्या भागात मला सगळ्यात आवडतो तो म्हातारा दुरुस्तीवाला. पेटी उघडतो, एकेक खण बाहेर येतो, वुडीचा डोळा पुसतो, फाटलेला हात शिवतो, गाल रंगवतो. इतक्या प्रेमानं केलेलं काम पडद्यावर क्वचित दिसतं. आणि मग तो बूट उलटा करतो आणि तळव्यावरच्या 'अँडी' ह्या अक्षरांवरून ब्रश फिरवतो. कोणी वाईट वागत नाहीये, काम चोख चाललंय, आणि नाव गेलं.

आमच्या घरी एक पांगुळगाडा होता. आजोबांनी करून घेतलेला, बाबा-काकांपासून आम्हा सहा चुलत भावंडांपर्यंत सगळे त्यावर चालायला शिकले. ज्यानं चालायला सुरुवात केली त्याचं नाव फळीच्या खालच्या बाजूला लिहायची रीत. बाबांचं टाकानं, आमची बॉलपेननं, माझ्या नावातला रफार विसरलेला. चुलतभावाला मुलगा झाला तेव्हा काकानं हौसेनं तो गाडा घासून, लांबी भरून, लाल-पिवळा रंग देऊन घेतला. एकदम नवाकोरा दिसायला लागला. आजी तेव्हा होती. तिनं गाडा उलटा केला, बघितलं, सुलटा केला. काकाला म्हणाली, "बरा झाला हां." मग पोराचं नाव लिहायला पेन आणायला तिनंच मला पाठवलं.

वुडी त्याला संग्रहालयाला विकायला निघालेल्या दुकानदाराच्या घरात बसून बुटाचा रंग स्वतः घासून काढतो. मी तिथे दर वेळी आजीला बघतो.

रानजाई

मेवादादा, काय लिहिलंत. आबा, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आजोबांना सांग, व्हॅन चुकली की जायचं."

तिसरी_घंटा

आबांचं आणि मेव्याचं वाचून माझा आवाज थोडा खाली आलाय, पण मत तेच आहे. उलट मेव्याच्या गोष्टीनं माझीच बाजू घेतली: नाव खरवडून परत काढणारा माणूस शेवटी बिननावाचा राहायला जातो, हे मला पटत नाही.

अवांतर: ही गोष्ट खेळण्यांचीच का, माहीत आहे ना? १९९५ मध्ये संगणकाला त्वचा, केस, कापड धड जमत नव्हतं. जे काढू ते प्लास्टिकसारखं दिसायचं. मग प्लास्टिकचंच काहीतरी घ्या ना! पहिल्या भागातली माणसं बघा, अँडीची आई बहुतेक वेळा चेहऱ्याशिवायच दिसते. अडचण होती म्हणून खेळणी निवडली, आणि त्यातून हे सगळं नातं-बितं उभं राहिलं.

हिमगौरी

तिसरी_घंटा, बिननावाचा का? बो पीपचं उत्तर आहे त्याला. सुरुवातीच्या पावसाच्या रात्री मॉलीला दिवा नको झाला म्हणून तिला खोक्यात घालून देऊन टाकतात. ती गाडीखाली वुडीला सुचवते, खेळणी रोज हरवतात, कधी चुकून भलत्याच खोक्यात जातात. वुडी खोक्याच्या कडेला हात लावतो. तेवढ्यात अँडी त्याला शोधत पावसात बाहेर येतो आणि वुडी हात काढून घेतो. म्हणजे नऊ वर्षं तो हा प्रश्न बाळगून होता. अँडी होता तोवर उत्तर 'नाही' होतं. दुसऱ्या भागातला वुडी आणि चौथ्यातला वुडी एकच आहे, मधून अँडी गेला एवढंच.

नलकूप

+१. आणि दुसऱ्या भागात जे नाकारलं ते स्वातंत्र्य नव्हतं, मोठं खोकं होतं. त्याची तुलना जत्रेशी कशी होईल?

चौथ्या भागातल्या गॅबी गॅबी ह्या बोलक्या बाहुलीचं कोणी काढलं नाही अजून. कारखान्यातूनच आवाजाची पेटी बिघडलेली, म्हणून साठ-एक वर्षं जुन्या वस्तूंच्या दुकानात, बाहुलीच्या कपबशीत खोटा चहा पिऊन सराव करत बसलेली. वुडीची पेटी मिळते, दुकानवालीच्या नातीपुढे गोड बोलते, आणि ती पोरगी दोन सेकंद बघून तिला खोक्यात टाकून देते. खलनायिकेसाठी एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

चकली_भाजणी

आणि मग जत्रेत हरवलेली, रडणारी पोर तिला दिसते. तिथे माझा नवरा चष्मा पुसायला उठून आत गेला. चष्मा तो घालत नाही.

बोरकूट

फुटलो! ह्या वाक्याला धाग्याचा पुरस्कार.

रानजाई, अस्वलाचं काय झालं? चार दिवस झाले.

रानजाई

लिहिणारच होते. काल दुपारी वाऱ्यानं कट्ट्यावरून पडलं. मी ऑफिसात. लेक शाळेतून आली, कट्टा रिकामा, तिनं आधी आनंदानं उड्या मारल्या म्हणे, "गेलं! गेलं!" आणि पाच मिनिटांनी पडदा धरून रडायला लागली.

संध्याकाळी खालच्या काकूंचा फोन. त्यांच्या बाल्कनीत पडलं होतं, मळलं म्हणून त्यांनी धुऊन दोन्ही कानांना चिमटे लावून दोरीवर वाळत घातलेलं. मी लेकीला म्हटलं, बघ, परत आलं. तर म्हणते, "आलं कुठे? काकूंनी फोन केला म्हणून कळलं."

तिसरी_घंटा

ह्या मुलीला समीक्षा लिहायला लावा.

हिमगौरी

मग आणलं का वर?

रानजाई

तिला पाठवलं होतं आणायला. अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं आली. काकूंची दीड वर्षाची नात ते कानाला धरून फरफटत घरभर फिरवत होती. मी विचारलं, मग? म्हणाली, "ओलं आहे अजून. रविवारी बघते."